पन्नास हजारांचं गाऱ्हाणं

चाळीतल्या दगडू आजोबांनी दर्शनाच्या माइककडे एकदा बघितलं आणि साफ नकार दिला. समोर माणसं नाहीत, तर गाऱ्हाणं घालायचं कोणाच्या जिवावर? एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा, ही कोकणातली रीत. होकाराशिवाय गाऱ्हाणं म्हणजे नुसती बडबड, आणि बडबड करायला ते काय पुढारी होते?

दर्शना तशीच गॅलरीत पळाली. पाच मिनिटांत ती बेबीकाकूंना निवडायला घेतलेल्या मेथीसकट घेऊन आली, शेजारच्या शांताआजींना आणलं, आणखी तिघांना घरातून उठवून आणलं. तिची आई सुभद्रा आधीच खोलीत होती. एवढी वरात बघून आजोबा खूश झाले. दर्शनाला तर उगाचच हसू फुटत होतं.

तिच्या पॉडकास्टचं नाव ‘गॅलरीत कोण आहे?’. काळाचौकीच्या चाळीतल्या गप्पा, भांडणं, गाणी. अकरा भाग झाले होते आणि ऐकणारे होते चौदा. त्यातले नऊ याच मजल्यावरचे, एक ती स्वतः. यासाठी तिने तीन महिन्यांपूर्वी बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडला होता. रोज क्लासच्या वेळेला सॅक लावून निघायची ती थेट लालबागच्या मैत्रिणीकडे, एडिटिंग करायला. अख्ख्या मजल्याला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त तिच्या बाबांना. सीतारामना कळलं की माइक माळ्यावर आणि दर्शना क्लासात, यात कोणाला शंका नव्हती. पण आज ते छापखान्यात सेकंड शिफ्टला होते, दहाच्या आत यायचे नव्हते.

किती ऐकणारे मागायचे, आजोबांनी विचारलं. दर्शनाने लाजत हजार सांगितले. देवाकडे मागताना कसली कंजुषी, म्हणून त्यांनी तिलाच झापलं आणि आकडा पन्नास हजारांवर नेऊन ठेवला. बेबीकाकू इतक्या हसल्या की मेथीची जुडी सुटली. मग आजोबांनी बजावलं, गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये कोणी तोडायचं नाही. देवापुढे काही लपवायचंही नाही. त्यांनी हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

लॅपटॉपवरची आवाजाची रेघ टुणकन उडाली. आजोबांनी देवाला आधी चाळीचा पत्ता दिला, मजल्यासकट. पॉडकास्ट म्हणजे काय तेही समजावलं, देवाचा गैरसमज नको. मग मस्कतपासून विरारपर्यंत जिथे जिथे आपला माणूस आहे, तिथे तिथे ह्या चेडवाचा, म्हणजे या पोरीचा, आवाज ऐकू जाऊ दे म्हणाले. जे पहिल्या मिनिटाला बंद करून पळतात, त्यांनाही सुबुद्धी मागितली. खोली रंगात आली होती. दर्शनाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसून हसून.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. सीताराम. छापखान्यातलं मशीन बंद पडलं होतं आणि सगळ्यांना लवकर सोडलं होतं. समोर गाऱ्हाणं चालू दिसताच त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि मागे हात जोडून उभे राहिले. कशाचं, कोणासाठी, काही विचारलं नाही. चालू गाऱ्हाण्यात कोणी विचारत नसतं. पुढच्या वाक्याला त्यांनी सगळ्यात मोठ्याने होकार भरला. मशीनच्या आवाजात बोलून बोलून त्यांचा गळाच तसा झाला होता.

दर्शनाने आईकडे बघितलं. सुभद्रा दोनदा खोकली. पण आजोबांचे डोळे मिटलेले, आणि त्यांची तर समाधी लागलेली.

“ह्या चेडवान बँकेचो क्लास सोडल्यान, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सीताराम एकटेच ओरडले.

“बापाशीक अजून सांगूक नाय. बापूस तापट आसा. त्याचो राग शांत कर, आणि ह्या चेडवाच्या पाठीशी त्याका उभो कर रे म्हाराजा!”

आजोबा डोळे मिटून होकाराची वाट बघत राहिले. सीतारामनी मुलीकडे बघितलं, मग माइककडे, मग बायकोकडे. बायको छताकडे बघत होती. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग कानांपर्यंत लाल झाला. दर्शनाला रडू येत होतं आणि मेलं हसूही दाबलं जात नव्हतं.

सीतारामनी वाकून बेबीकाकूंना हळूच विचारलं, हिच्यासाठी नेमकं मागताय काय? पन्नास हजार ऐकणारे, त्या पुटपुटल्या. सीतारामनी मान खाली घातली. क्लासच्या वाक्याला आपण देवापुढे होकार भरून बसलो, हे त्यांच्या पक्कं लक्षात आलं होतं. तो काही आता परत घेता येत नव्हता. मग पुढे आले, दर्शनाच्या शेजारी मांडी घालून बसले आणि माइकच्या अगदी जवळ तोंड नेलं.

“व्हय म्हाराजा,” ते म्हणाले. “पन्नास हजारातलो एक मी झालंय. उरलेले एकोणपन्नास हजार नवशे नव्याण्णव तू बघ.”