उसवलेली टोपी
“म्हणजे आता लोकांना टोप्या घालणार तुम्ही,” निघताना बायको म्हणाली होती. पक्षाची टोपी चढवून निवृत्त लष्करी वकील दारोदार मतं मागत दुपारच्या पेंगुळलेल्या गल्लीतून तरंगल्यासारखा चालला होता. शेवटच्या दुकानात शिवणयंत्र थांबलं. शिंपी उठला आणि वकिलाला वीस वर्षांपूर्वीचं कोर्टमार्शल दिसलं: हाच माणूस, तेव्हा शिपाई, आरोपी म्हणून बोडक्या डोक्यानं उभा. चोरीबद्दल वकिलानंच त्याला बडतर्फ करवलं होतं. खरा चोर पुढे सापडला. फाइल मिटलेलीच राहिली. उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू संथ उडत होते. शिंप्याचा हात सवयीनं सॅल्यूटसाठी उठला, अर्ध्यावरच थांबला. टोपीशिवाय सॅल्यूट करायचा नसतो. वकिलानं टोपी काढली आणि तो ताठ उभा राहिला. “साहेब, टोपी का काढलीत?” “आरोपी टोपी घालत नाही.” शिंप्यानं टोपी त्याच्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिली. “इथं उसवलीय. बसा, टाका घालतो.”