एक्केचाळिसाव्या पानाची रुजवात

"कागदाले हात नका लावू, बाई. डाग पडला तं पुन्हा टाइप करा लागते," टायपिस्ट रिना म्हणाली.

रुखमानं भज्याच्या तेलाचा हात लुगड्याला पुसला. "हिरवा काऊन हाय कागद?"

"हायकोर्टाले असाच लागते."

रुखमा नागभीडहून सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला वामनराव वकिलांच्या ऑफिसात आली होती. तिचा भाऊ देवराव बायकोच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगत होता. दहा वर्षं त्याचं अपील हायकोर्टात पडून राहिलं आणि गेल्या महिन्यात तो तुरुंगातच काविळीनं गेला. आरोपी मेला की अपीलही संपतं. फक्त जवळच्या नातेवाइकानं तीस दिवसांत अर्ज केला तर ते पुढं चालू शकतं. आज सत्ताविसावा दिवस होता. उद्या पहाटेच्या बसनं वामनराव अर्ज आणि खटल्याच्या कागदांच्या या नकला घेऊन नागपूरला हायकोर्टात निघणार होते.

"लोक म्हणतेत, मेलेल्या माणसाले सोडवून काय करतं?" रुखमा म्हणाली. "म्या म्हटलं, सोडवाचा नाई. गावात त्याले खुनी म्हणतेत, तेवढं पुसाचं हाय."

रिनानं मशीनमधून कागद काढला. डावीकडे चार बोटं समास, दोन ओळींत मोकळी जागा, वर मधोमध पानाचा आकडा. मूळ कागदात चूक असेल तर चूकच टाइप करायची. अक्षर लागलं नाही तर टिंबं द्यायची. स्वतःचं काही घालायचं नाही. दोन वर्षांत तिनं हा नियम कधी मोडला नव्हता.

मुलगी विचित्रच होती, असं वामनरावांना वाटे. दुसरीकडे जास्त पगार मिळत असताना ती इथंच आली, आणि आल्याआल्या जुन्या फायलींचं कपाट लावायचं काम तिनं मागून घेतलं. आता गेला महिनाभर तिनं चहा सोडला होता. विचारलं तर म्हणे, पित्त झालंय.

"मुन्शी लहानू आज रजेवर आहे," वामनराव आतून येत म्हणाले. "चल, रुजवात मीच घेतो. तू मूळ वाच, मी टाइप केलेलं बघतो."

रिना वाचू लागली. पंचनामा झाला. शेजाऱ्याची साक्ष झाली. वामनरावांची पेन्सिल ओळीमागून ओळ सरकत होती. एकही चूक नव्हती.

"सरकारी साक्षीदार क्रमांक तीन. बेबी, वय आठ वर्षे."

"हेच ते!" रुखमा बाकावरून म्हणाली. "हिच्याच सांगण्यावर माहा भाऊ अंदर गेला. पोटची पोरगी!"

"आठ वर्षांचं लेकरू होतं ते, बाई," वामनराव म्हणाले. "आता कुठं आहे ती?"

"मामानं नेली तवाच. बारा वर्षं झाली, तोंड नाई पाह्यलं. माह्यासमोर आली तं थुंकंन मी." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण तो येडा होता. भेटीले गेली का पयले इचारे, बेबी शाळेत जाते का?"

रिनानं पाण्याचा ग्लास उचलला, पण प्यायली नाही. मग पुढं वाचू लागली. पान एक्केचाळीस, उलटतपासणी.

"साक्षीच्या आदल्या दिवशी मामाने मला शाळेतून नेले. काय सांगायचे ते मामाने माझ्याकडून पाठ करून घेतले. मी झोपले होते. कुऱ्हाड कोणाच्या हातात होती ते मी पाहिले नाही. बाबा शेतावर होते."

वामनरावांची पेन्सिल थांबली. "अरे! हे माझ्या नजरेतून सुटलं कसं? खालच्या कोर्टाच्याही? हे असेल तर अपील इथंच जिंकलं!"

"असं बोलली होती काय पोरगी?" रुखमा उठूनच उभी राहिली. "खरंच बोलली होती?"

ती पुढं आली आणि रिनाच्या हातातल्या कागदाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. पण डोळे चांगले होते.

"पोरी, या कागदाले तं भोक हाय. त्यातून तुहा डोळा दिसून राह्यला. तू वाचतं काय?"

वामनरावांनी कागद ओढून घेतला. खालचा भाग वाळवीनं खाल्लेला होता. पाच-सहा ओळींच्या जागी तळहाताएवढं भगदाड.

"इथं टिंबं हवी होती, रिना." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दुसरी नक्कल मिळाली का तुला कुठं?"

"नाही, साहेब."

"मग? उद्या सरकारी वकिलानं त्याची प्रत समोर धरली तर माझी सनद जाईल. या ओळी आल्या कुठून?"

रिना वकिलांकडं बघत नव्हती.

"सांग नं, पोरी," रुखमानं तिचं मनगट धरलं. "बेबी असं बोलली होती नं?"

रिनानं मनगट सोडवून घेतलं नाही.

"हेच तवा बोलली नव्हती मी, आत्या."