मिटलेला शिंपला

रेणुकाने नर्मदेकाठच्या टेकड्यांवरून वेचून आणलेले शिंपले ओट्यावर पसरले आणि भिंग घेऊन ती एकेकाची जात ओळखू लागली. सगळे कोट्यवधी वर्षांपूर्वीच दगड झालेले होते. जिवंत शिंपला आता कुठल्याच समुद्रात उरला नव्हता. पाणी इतकं आंबट झालं होतं की पिल्लांना कवचच धरत नव्हतं. तिची आई मंजुळाबाई हिने एकेकाळी दारासमोरच्या खाडीतले खायचे शिंपले, तिसऱ्या, विकून पोरं वाढवली होती. हल्ली तिला कालचंही आठवत नसे.

रेणुका फोन घ्यायला अंगणात गेली. परतली तेव्हा आईने शेगडीवर पातेलं चढवलं होतं. आत सगळ्यात मोठा, दोन्ही शिंपा घट्ट मिटलेला दगड होता.

"आये, अगं काय करतेस?"

"मिटलेली तिसरी जिती असते. वाफ लागली की उघडते."

रेणुकाने पातेल्यात डोकावून पाहिलं. असा मिटलेला शिंपला जिवंतपणीच गाडला गेलेला असतो, हे तिलाही ठाऊक होतं. दोघी उकळत्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या.

शेवटी मंजुळाबाईने शेगडी विझवली. "नाही उघडली. मेलेलीच होती गो. बाकीच्या बारक्या आहेत, खाडीत सोडून येऊ. वाढू देत."

"आये, त्या..." आईचा उजळलेला चेहरा पाहून रेणुका थांबली. तिने ओट्यावरचे सगळे शिंपले टोपलीत भरले आणि खाडीच्या गुडघाभर पाण्यात शिरून ती एकेक सोडू लागली.

काठावरून आई ओरडत होती, "हळू गो, शिंपा फुटतील!"