गौतमीचं चुकीचं उत्तर

गौतमीने माझ्याकडे बघत बेरजेचं मुद्दाम चुकीचं उत्तर दाबलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं अस्वल म्हणालं, “पुन्हा प्रयत्न कर.”

“तोंडी विचारलं तर लगेच सांगतेस. मग कॉम्प्युटरवरच कशी चुकतेस?” मी विचारलं.

“बरोबर आलं की तो पुढच्या लेव्हलला टाकतो, बाई. मग पलीकडच्या वर्गात बसावं लागतं.”

“मग जायचं की.”

शेजारी बसलेल्या नजमाच्या खांद्यावर तिने हात ठेवला. “हिला हातच्याची बेरीज अजून जमत नाही. अस्वल नुसतं ‘पुन्हा कर’ म्हणतं. समजावून मीच सांगते.”

“अगं, पण तपासणीच्या साहेबांना तुझं नाव रोज मागे पडलेल्यांत, लाल रंगात दिसतं.”

“दिसू दे,” ती म्हणाली आणि खुर्ची नजमाकडे सरकवली. “हिचं बरोबर आलं की माझंही येईल.”