तेरा अक्षरी शब्द

सकाळी दहा वाजता वर्तमानपत्राच्या कचेरीत शब्दकोडी करणाऱ्या लेकीच्या टेबलावरचा फोन वाजला. बाबांचा फोन रोज याच वेळी यायचा. उद्याच्या कोड्यातली चार अक्षरं ती वाचायची आणि ती चारही असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द दोघं शोधायची. बाबांना आधी सापडला तरी ते सांगायचे नाहीत. तिला सापडेपर्यंत फोन धरून बसायचे.

बाबांचं ऑपरेशन दुपारी होतं. तोवर कोडं उरकावं म्हणून ती आली होती. इस्पितळातूनही राहवलं नाही वाटतं, असं म्हणत तिने अक्षरं वाचली. "सी, व्ही, बी, एन."

"तेरा अक्षरी सापडला," बाबा म्हणाले. "तू बस डोकं खाजवत, ठमाबाई."

ती हसली, तेवढ्यात मोबाइलवर भावाचा निरोप आला. 'नंबर लवकर लागला. नऊलाच भूल देऊन बाबांना आत नेलंय.'

टेबलावरच्या फोनवर नंबर घरचा दिसत होता. घराला कुलूप तिनेच लावलं होतं. किल्ली पर्समध्ये होती.

"काय गं, गप्प का? हरलीस?"

"थांबा ना बाबा, शोधतेय."

"शोध सावकाश. तुला सापडला की ठेवतो."

पलीकडे कपात चमचा फिरत होता.

साडेअकराला दुसरा निरोप आला. 'रक्तदाब फार उतरलाय. डॉक्टर काही बोलत नाहीत.'

आता दोन वाजलेत. ऑपरेशन संपलेलं नाही. शब्द तिला पहिल्याच मिनिटात सापडला होता. तो तिने अजून सांगितलेला नाही.