भासऱ्याशेजारची जागा

सानगडीला गाडी थांबली, पण सुलोचनाच्या कमरेवरचा हात थांबला नाही.

साकोलीपासून इथवर तिनं गचक्यांना दोष दिला होता. रस्ता खड्ड्यांचा, लग्नसराईचा वैशाख, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. माणसाचं अंग माणसाला लागणारच. खड्डा आला की मागचा माणूस अंगावर येई आणि खड्डा सरला तरी मागे होत नसे. आता गाडी जागच्या जागी उभी होती. गचका नव्हता. हात होता, आणि तो पदराखालून वर सरकत होता.

तिनं कोपर मारलं. मागचा टेरिकॉटच्या शर्टातला माणूस चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गर्दी हाय बाई. एवढं अंग जपाचं होतं, तं घरून खासर जुंपून याचं होतं."

दोघंतिघं हसले.

सुलोचनानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. पुढं एका बाकावर तिचा भासरा बसला होता. नवऱ्याचा थोरला भाऊ, तुलाराम. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तिनं त्याच्यासमोर तोंडातून शब्द काढला नव्हता. तो अंगणात खाकरला की ती आत जाई. त्याला काही हवं असलं तर तो पोरांना म्हणे, "आपल्या मायले सांग." अंगाला अंग तर सोडाच, तिच्या लुगड्याचा काठही त्याला लागता कामा नये; लागलाच तर त्यानं डोक्यावरून पाणी घ्यायचं. तेव्हा घरोघरी असंच होतं, आणि त्याला मान म्हणत.

म्हणून तर ती उभी होती. साकोलीला तुलारामनं धक्काबुक्की करून दोघांची जागा धरली. स्वतः खिडकीशी बसला आणि शेजारी आहेराच्या तांदळाचं गाठोडं ठेवलं. कोणी जागा मागितली तर सांगे, बाईमाणूस आहे सोबत. बाईमाणसाच्या नावानं तांदूळ बसले होते, आणि बाईमाणूस चार बाकं मागे दांड्याला लोंबत होतं.

उद्या लाखांदूरला तिच्या धाकट्या बहिणीची हळद होती. माय नव्हती, पहिली हळद सुलोचनाच लावणार होती. नवरा तेंदूपानाच्या हंगामात अडकला, म्हणून भासऱ्यासोबत निघाली. निघताना सासूनं बजावलं होतं, रस्त्यात काही बोभाटा झाला तर तुलाराम तिथूनच वापस आणेल.

गाडी सुटली. हात पुन्हा आला, या वेळी घाई न करता, जागा आपलीच असल्यासारखा.

तेवढ्यात तुलारामनं मागे वळून पाहिलं. सुलोचनाची मान खाली होती, तरी तिला कळलं. त्यानं तो हात पाहिला, टेरिकॉटचा शर्ट पाहिला. मग तोंड फिरवून तो खिडकीबाहेरच्या धानाच्या कोरड्या बांध्या पाहू लागला. भावसुनेकडे टक लावून पाहणं बरं नव्हे.

सुलोचनानं दांडा सोडला. माणसांतून वाट काढत पुढं गेली, तांदळाचं गाठोडं उचलून पायाशी ठेवलं आणि भासऱ्याशेजारी बसली. बाक अरुंद होता. दंडाला दंड लागला.

तुलाराम ताडकन उठला, वरच्या सामानाच्या फळीला डोकं आपटलं. पलीकडच्या बाकावरच्या बायांनी तोंडाला पदर लावला. तिचं लुगडं चुकवत, बाकाची पाठ धरून तो कसाबसा बाहेर आला. चेहरा रागानं काळवंडला होता, पण तिच्याशी बोलायचं नाही हे तो त्या रागातही विसरला नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून त्यानं कंडक्टरला सांगितलं, "साहेब, सांगा जी तिले, दिघोरीले उतराचं हाय. हळद-बिळद काही नाही. आमी वापस जाऊन राहिलो."

कंडक्टरनं एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. काही सुचेना, तेव्हा तिकिटांची पेटी उगाच वाजवून म्हणाला, "बाई, आयकलं का?"

तिनं मान हलवली.

दिघोरी आली. तुलाराम गाठोडं खांद्यावर टाकून उतरला आणि खाली रस्त्यात उभा राहिला. ती उतरेल याबद्दल त्याला शंका नव्हती. सुलोचना सरकून खिडकीशी बसली. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून तिनं डोळे वर केले. नऊ वर्षांत भासऱ्याचा चेहरा तिनं असा समोरून पाहिला नव्हता. त्याला हाक काय मारायची हेही तिला ठाऊक नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती.

"आयका जी," ती म्हणाली. "मी वापस येत नाही. माह्या बहिणीले पयली हळद मीच लावीन. माहं अंग तुमच्या अंगाले लागलं, तुमी घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्या, मोकळे व्हा. पन तो मांगचा माणूस साकोलीपासून माह्या अंगाले हात लावून राहिला. तुमी डोयानं पाह्यलं. त्याच्यासाठी मी कोण्या हिरीचं पाणी घेऊ, तेवढं सांगून जा."

तुलारामनं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

गाडीत कोणी हसलं नाही. मागे, पाय ठेवायला जागा नसलेल्या त्या गर्दीत, टेरिकॉटच्या शर्टाभोवती हातभर जागा मोकळी झाली होती.

ड्रायव्हरनं मान वळवून पाहिलं. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता, पण त्यानं ती ओढली नाही. तोही उत्तराची वाट पाहत होता.