शेवटचा फर्मा

ताईनं टेबलावरची एक प्रत उचलली, तिच्यातला शेवटचा फर्मा अलगद काढून कपाटात टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं. मग उरलेल्या पानांची शिलाई स्वतः करायला बसली. बाइंडिंगखान्यातल्या कारागिरांना तिनं आज लवकर घरी पाठवलं होतं.

फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. असे फर्मे एकावर एक रचून, शिवून दादाच्या कादंबरीमालिकेचा सहावा आणि शेवटचा खंड तयार होत होता. या प्रतीत एक कमी. वाचणाऱ्याला मात्र शंका यायचं कारण नव्हतं, कारण पानं संपत होती तिथं एक प्रकरणही संपत होतं. नावाडीण नदीकाठी उभी आहे, होडी दोराला बांधलेली आहे, पैलतीरावर राजाच्या मशाली दिसतायत. कुणालाही वाटावं, झाली कादंबरी.

"बस आता बोंबलत," ताई म्हणाली. समोर कुणी नव्हतं. हे 'तिऱ्हाईत'ला होतं.

तिऱ्हाईत साप्ताहिकात पुस्तकांवर लिहायचा. तो कोण, हे संपादकालाही ठाऊक नव्हतं म्हणे. पुस्तकं पोस्टातल्या एका पेटीच्या नंबरावर जायची आणि लेख टपालानं यायचे. इतरांच्या पुस्तकांवर मेला माणसासारखा लिही. दादाच्या मालिकेवर मात्र दात धरून होता.

पाचव्या खंडावर त्यानं लिहिलं होतं, 'राजे, लढाया, शापित तलवारी, सगळं जिथल्या तिथं आहे. खोटी आहे ती फक्त नावाडीण. ती नदी ओलांडायला राजाची परवानगी मागते! लेखक या बाईला ओळखतच नाही.'

झालं. लोक दादाला रस्त्यात गाठून विचारू लागले, "काय, पुढचा खंड लिहायला परवानगी मिळाली का?" दादानं कितीतरी वर्षं लिहायचं नाव काढलं नाही. पुरुषासारखा पुरुष, पण पुस्तकांच्या दुकानासमोरून जायचं टाळायचा.

ताईचा दादावर जीव. त्याचा अपमान तिच्या मनात सरसासारखा चिकटून बसला होता. आता तिऱ्हाईताची अशी खोड मोडायची होती की पुन्हा पेन धरताना त्याचा हात कापला पाहिजे. तो ही अर्धवट प्रत वाचणार, नसलेल्या शेवटावर तोंडसुख घेणार, आणि पुस्तक दुकानात आलं की सगळे म्हणणार, यानं कादंबरी पुरी वाचलीसुद्धा नाही! प्रकाशकाची पद्धतही सोयीची होती. आधी साप्ताहिकात मत छापून येऊ द्यायचं, मगच गठ्ठे बाहेर काढायचे. तोवर सगळ्या प्रती ताईच्याच ताब्यात राहायच्या.

सगळ्या म्हणजे एक सोडून. ती वहिनीनं मागून नेली होती.

"वन्सं, शेवट काय केलाय हो यांनी?" बाइंडिंगखान्याच्या दारात उभं राहून तिनं विचारलं होतं. "घरात विचारायची सोय नाही. दुकानात येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणतात."

ताईला तिची दया आली. लग्न होऊन आल्यापासून वहिनीनं कधी काही मागितलं नव्हतं. भाची लहान होती तेव्हा वहिनी तिला झोपवताना नावाडिणीच्या गोष्टी सांगायची, आणि शेजारच्या खोलीत दार किलकिलं ठेवून दादा लिहीत बसायचा. पहिला खंड त्यानं स्वतःच्या एकांताला अर्पण केला होता. तो एकांतही वहिनीनंच सांभाळला, पाहुणे परतवून आणि पोरीला गप्प करून. ताईनं एक पूर्ण प्रत कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत सरकवली. "दादाला सांगू नका हं," एवढंच म्हणाली.

साप्ताहिक आलं त्या सकाळी ताई दादाकडे हजर. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. दादा खुर्चीत नखं खात बसला होता.

"तूच वाच," तो वहिनीला म्हणाला.

हे नेहमीचंच. तिऱ्हाईताचं लिहिणं तो स्वतः वाचत नसे. वहिनी वाचून दाखवायची, संथ, स्पष्ट, एकाही शब्दाला न अडखळता. बिचारीला मन किती घट्ट करावं लागत असेल, असं ताईला दर वेळी वाटायचं.

वहिनीनं वाचायला घेतलं. "'अखेर मालिका संपली. शेवटच्या पानांवर नावाडीण आपलं वल्हं राजाच्या पायाशी ठेवते आणि राजा नदीचा इतिहास स्वतःच्या नावानं लिहायला बसतो. सहा खंड होडी हाकली तिनं, आणि नदी झाली राजाची! माझं मत विचाराल, तर इतकी निर्लज्ज कादंबरी मी वाचलेली नाही. राजाला या बाईची गोष्ट चोरता आली, वल्हवणं काही आलं नाही.'"

ताईच्या हातातला चहा सांडला. वल्हं, पाय, इतिहास, सगळं त्या सोळा पानांत होतं. आणि ती पानं कुलपात होती.

दादा ताडकन उठला. "चोरली? ही माणसं मी जन्माला घातली! मी!" तो ओरडला आणि खोलीत जाऊन त्यानं धाडकन दार लावून घेतलं.

वहिनीनं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. फडकं आणून तिनं सांडलेला चहा पुसला.

"वहिनी," ताई म्हणाली. "शेवटी काय होतं, ते त्याला कळलं कसं?"

वहिनीनं साप्ताहिकाची घडी घातली, कडेला कड नीट जुळवली.

"पोस्टातून आलेल्या प्रतीत शेवटचा फर्मा नव्हता, वन्सं," ती म्हणाली. "बरं झालं, तुम्ही मला आधीच पूर्ण प्रत दिली होतीत."